डावी टाच

जमिनीला वाफसा आला होता आणि निघूनही चालला होता. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारली की फुटावा, अशी ती मोजक्या दिवसांची वेळ. ती कुणासाठी थांबत नाही. आजूबाजूच्या सगळ्या रानांत मका टोकून झाला होता. या एका घरचे बैल मात्र दावणीला उभे राहून शेपटीने माश्या हाकत होते, कारण आबा खाटेवर होते. आबा उठल्याशिवाय दाणा मातीत जायचा नाही, असं या घरात कुणी कधी ठरवलं नव्हतं. त्यामुळे ते मोडायचं कसं, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

आबांना गावात 'पट्टी' म्हणत, मोजपट्टीसारखं पाऊल म्हणून. बैलांनी तास काढला की त्या तासातून आबा पावलापुढे पाऊल ठेवत चालायचे. पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला लागेल न लागेल अशी पडायची, आणि दर पावलाला ते टाच मातीत दाबायचे. त्या खळग्यात मागून येणारीने एक दाणा टाकायचा, तिच्याही मागून येणारीने पायाने माती लोटायची. उगवून आलेला मका बघायला लोक बांधावर थांबत. इतरांच्या शेतात दाट उगवलेली रोपं उपटून विरळणी करावी लागे. आबांच्या शेतात आजवर विरळणी झाली नव्हती. "विरळणी त्यांनी करावी, ज्यांना चालता येत नाही," असं ते चारचौघांत म्हणायचे, आणि ज्यांना चालता येत नव्हतं तेही हसून घ्यायचे. पुढच्या वर्षी आपल्या रानात पट्टीलाच बोलवावं लागणार, हे त्यांना माहीत असायचं.

उन्हाळा संपता संपता एका सकाळी आबा चूळ भरायला उठले आणि पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळालं. डावी बाजू गेली होती. बोलणं परत आलं, हात निम्मा आला, पाय काही नीट आला नाही. पण "उठतो मी, आज-उद्या उठतो," हे मात्र ते पहिल्या दिवसापासून म्हणत होते.

"सोमवारीही हेच म्हणाले होते," सून म्हणाली. ती गोठ्यात शेण भरत होती आणि नवरा बैलांच्या मानेला तेल चोळत होता. बैलांच्या मानेला तेलाची काहीच गरज नव्हती. जू लागलंच नव्हतं तर मान कशाने सोलणार? पण त्याला हाताला काम हवं होतं.

"म्हणाले ना उठतो. उठतील."

"आणि तोवर?"

"तोवर काय? थांबायचं."

या नवऱ्याला गावात आणि घरात सगळे 'पोरगा' म्हणत. कानाच्या वर केस पिकायला लागले होते, कपाळावर आठ्या पडल्या होत्या, तरी पोरगाच. बैल हाकायचं काम त्याचं. कुठून सुरुवात करायची, कुठे वळायचं, कधी थांबायचं, हे आबा सांगायचे.

"गेल्या वर्षी पण उशीर झाला होता," सून म्हणाली. "मका केसात आला, कणसांना केस फुटले, आणि पाऊस गेला. कणसं अर्धीच भरली. मग काय झालं, विसरलात?"

तो विसरला नव्हता. धान्याची कोठी लवकरच खरवडली गेली आणि त्याला दगडाच्या खाणीवर कामाला जावं लागलं. परत आला तो छातीत धूळ घेऊन. आता चढ चढताना तो मध्येच थांबायचा, आणि थांबलोय ते कळू नये म्हणून उगाच कुठल्या तरी झाडाकडे बघायचा. तिला मात्र कळायचं. रात्री त्याच्या पाठीला कान लागला तर आत चाळणीतून खडे हलवल्यासारखा आवाज यायचा. यंदा मका घरात पुरेसा आला पाहिजे आणि हा माणूस खाणीवर जाता कामा नये, एवढं एकच तिने मनाशी पक्कं केलं होतं. बाकी कुणी काहीही म्हणो.

त्याच दिवशी शेजारचा मशीनवाला रस्त्याने गेला. त्याने भाड्याने यंत्र आणून कधीच टोकणी उरकली होती आणि आता सगळ्यांना सल्ले वाटत फिरत होता.

"काय पोरा, पट्टी अजून खाटेवर? अरे, माझा मका दोन पानांवर आला! तुमचा काय कणसासकट उगवणार आहे?"

पोरगा हसला. असं कुणी बोललं की तो हसायचाच. घरात खाटेवरून आबांनी ते ऐकलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ते खरंच उठले.

उठले म्हणजे बायकोने एका बाजूने धरलं, पोराने दुसऱ्या बाजूने, आणि बैलगाडीत बसवून रानात नेलं. बांधावर उतरल्यावर आबांनी दोघांचेही हात झटकले. उजव्या हातात काठी घेतली. पायातल्या चपला काढल्या.

"हाक बैल," ते म्हणाले.

माती वरून सुकली होती. नांगराने तास काढला की खालून थोडी काळी ओल दिसायची आणि बघता बघता करडी व्हायची. आबा तासात उतरले. मागे सून, कमरेला बियाण्याची पिशवी. तिच्या मागे सासू, खांद्यावर उरलेल्या बियाण्याची मोठी थैली. सुनेची पिशवी रिकामी झाली की भरून द्यायची आणि पायाने माती ओढत यायचं.

उजवं पाऊल पूर्वीसारखंच पडलं. मग डावं निघालं. ते उचललं जात नव्हतं. मातीत रेघ ओढत ते आलं, उजव्या टाचेच्या चार बोटं पुढे पोचलं आणि तिथेच थांबलं. आबांनी कंबर वाकडी करून ती टाच दाबली. नीट दाबली, कसर ठेवली नाही. मग पुन्हा उजवं पाऊल, लांब. मग पुन्हा डावं, चार बोटं.

सुनेने पहिल्या ओळीत दोन्ही टाचांत दाणे टाकले. टाकताना तिला पुढचं सगळं दिसत होतं. चार बोटांवर दोन ताटं म्हणजे दोघांचीही मुळं एकमेकांच्या ताटात. वाढतील, उंच होतील, तुरा काढतील, आणि कणसाच्या जागी नुसती पोकळ सालं. वळणावर बैल थांबले तशी ती नवऱ्याजवळ गेली.

"बघितलंत का?"

"काय?"

"डावा पाय. दाणे एकावर एक पडतायत."

त्याने बघितलं होतं. बैलाच्या शिंगाला लागलेलं गवत काढत तो म्हणाला, "टाचेत टाकायचं. आजवर टाकलं तसं."

"ताटं होतील, कणसं नाही होणार."

"मग मी काय करू? त्यांना जाऊन सांगू, तुमचं पाऊल चुकतंय? तू सांग."

तिने सांगायला तोंड उघडलंही. आबा तासाच्या टोकाला काठीवर रेलून उभे होते. सदरा पाठीला चिकटला होता, ओठाच्या वाकड्या कोपऱ्यातून लाळेची बारीक धार आली होती, ती त्यांना कळली नव्हती. आणि चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा रंग होता. सुनेने तोंड मिटलं. वाईट वाटलं म्हणून मिटलं, आणि भीती वाटली म्हणूनही.

दुसऱ्या ओळीपासून ती उजव्या टाचेत दाणा टाकू लागली आणि डावी टाच रिकामी सोडू लागली. आबांना मान वळवून मागे बघता येत नव्हतं. त्यांना बघायचं तर सगळं अंगच फिरवावं लागे, आणि एकदा तासात उतरल्यावर ते फिरत नसत. सून खाली वाकायची तशीच वाकायची, हात पुढे न्यायची तसाच न्यायची, फक्त मूठ उघडायची नाही. घरच्याच रानात चोरी केल्यासारखं तिला वाटत होतं. पण थोडं विरळ पडलं तरी चालेल, उशिराच्या मक्याला तेवढीच हवा मिळेल, असं ती स्वतःला बजावत होती आणि पुढे सरकत होती.

सासूने एकदा मान वर करून पाहिलं. मग खांद्यावरची थैली सावरून घेतली.

काम संपलं तेव्हा आबांच्या डाव्या टाचेला भेग पडून रक्त आलं होतं. त्यांना ते जाणवत नव्हतं. गाडीत बसल्यावर बायकोने पदराने टाच पुसली, तर म्हणाले, "कुठे लागलंय कुणाला?" सुनेने मोठी थैली गाडीत टाकायला उचलली. ती पार रिकामी होती. डावी टाच सोडली होती तर बियाणं उरायला हवं होतं, हे तिला तेव्हाच सुचायला हवं होतं. पण दिवसभर वाकलेल्या कमरेला असलं काही सुचत नाही.

सुचलं ते उगवण झाल्यावर. सकाळी वैरण आणायला म्हणून ती रानात गेली आणि बांधावरच खाली बसली. मका जोडीजोडीने उगवला होता. चार बोटांवर दोन कोंब, मग जागा, मग पुन्हा दोन, असे शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळे नवरा-बायको मिळून कुठे लग्नाला निघालेत जसे. एक ओळ नाही, दोन ओळी नाहीत. सगळं शेत.

सासू मोरीपाशी भांडी घासत होती.

"आई, डाव्या टाचेत दाणे तुम्ही टाकलेत?"

सासूने हातातलं पातेलं उलटंसुलटं करून बघितलं. "मग काय करायचं होतं?"

"मी मुद्दाम सोडत होते."

"दिसत होतं मला. आंधळी नाही मी."

"मग?"

"मग काय मग! त्यांचं पाऊल मी रिकामं ठेवू? सगळा जन्म त्यांच्या टाचेत दाणा टाकत आले. तू आलीस तेव्हा पिशवी तुझ्या कमरेला बांधली. पिशवी दिली तुला. त्यांचं पाऊल नाही दिलं."

"आणि कणसं धरली नाहीत तर खायचं काय?"

"देईल माती."

"चार बोटांत माती दोघांचं पोट भरत नाही, आई. तुमचा मुलगा पुन्हा खाणीवर जाईल. त्याची छाती ऐकलीत का कधी कान लावून?"

सासूचा हात थांबला. मग ती पुन्हा घासू लागली, पहिल्यापेक्षा जोरात. तिने ऐकली होती. आईच ती. पण तिच्याकडे दोन माणसं होती आणि दोघांना एकदम कसं सांभाळायचं, हे तिला येत नव्हतं.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बघू." या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'च असायचं, फक्त ते म्हणायला जोर लागायचा नाही.

"बघायचं काय त्यात? विरळणी करायची. जोडीतलं एक उपटायचं, एक ठेवायचं. रोपं लहान आहेत तोवर. गुडघ्याला लागली की मुळं गुंतली, मग एक उपटलं तर दुसरंही हलतं."

"आबांना कळेल."

"कळू दे."

"हळू बोल."

ती हळू बोलली. हळू बोलूनही उत्तर तेच आलं.

तेवढ्यात अळी पडली. मशीनवाल्याचा मका कमरेला लागला होता, त्याची पानं जून झाली होती. अळीच्या सगळ्या पाकोळ्यांना अंडी घालायला कोवळं असं मग हे एकच शेत उरलं. उशिरा पेरलेल्याला हे भोगावंच लागतं. रोपांच्या पोंग्यात, मधल्या कोवळ्या सुरळीत, हिरवा भुसा दिसायला लागला. सून आणि सासू सकाळी राख आणि वाळू कालवून टोपल्या भरायच्या आणि एकेका रोपाच्या पोंग्यात चिमूट-चिमूट टाकत जायच्या. बोटांची सालं गेली. नखांत राख बसली ती जाईना. जोडीमुळे काम दुप्पट झालं होतं. जे रोप उपटूनच टाकायचं त्याच्याही पोंग्यात राख घालायची, या विचाराने सुनेचं डोकं फिरायचं. सासूला बोलावं तर ती पुढच्या रोपाकडे सरकलेली असायची. दोघी दिवसभर हाताच्या अंतरावर असत आणि राखेबद्दलच तेवढं बोलत.

आबा रोज गाडीतून यायचे आणि बांधावरच्या झाडाखाली बसायचे. तिथून त्यांना नुसता हिरवा पट्टा दिसायचा. ते खूश होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून म्हणायचे, "बघ, उशिरा टोकलाय, पण कसा भरलाय!" आणि लोक म्हणायचे, "भरलाय खरा." ते जास्त थांबत नसत.

एका सकाळी सुनेने नवऱ्याला विचारलं नाही, सासूला सांगितलं नाही. ओळीच्या टोकाला बसली, जोडीतल्या एका रोपाच्या बुडाशी डावा पाय रोवला आणि दुसरं मुठीत धरून पीळ देऊन उपटलं. मुळाला माती आली. राहिलेलं रोप हललं आणि उभं राहिलं. तिने ती माती पायाने दाबली आणि पुढे सरकली. पहिल्या दहा-बारा रोपांना वेळ लागला. मग लय आली. मागे उपटलेल्या रोपांची रांग पडत गेली.

"ए! काय उपटतेस?"

आबांचा आवाज अजून शेतभर जायचा.

"तण आहे, आबा."

"तण असं मुठीत येतं होय?"

ते उठले. काठी टेकत, पाय ओढत, बांध उतरून शेतात आले. सासू पलीकडून टोपली टाकून धावली. कोळपं हाकणाऱ्या पोराने बैल थांबवले. आबा उपटलेल्या ओळीत न जाता शेजारच्या ओळीत शिरले. त्यांनी काठी रोवली आणि टोकणीच्या वेळी ठेवायचे तसं उजवं पाऊल ओळीत ठेवलं. मग डावं ओढलं. त्याला जागाच नव्हती. दोन रोपांच्या मध्ये ते अडकलं, एक रोप आडवं झालं आणि कट्कन मोडलं.

आबा मोडलेल्या रोपाकडे बघत राहिले. बैलाने नाक फुरफुरवलं.

"हे दोन-दोन कसे आले?" ते म्हणाले. मग सुनेकडे न बघता, "सूनबाई, तुझ्या हातून दोन-दोन दाणे पडले का?"

सुनेने सासूकडे पाहिलं. सासूने हात जोडले नव्हते, पण चेहऱ्यावर तेच होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो बैलांच्या कासऱ्याची गाठ सोडत होता आणि पुन्हा बांधत होता. एक शब्द त्याने बोलावा, एवढंच तिला हवं होतं. 'तिची चूक नाही', बस. तो बोलला असता तर ती पुढचं सगळं आयुष्य राखेत हात घालून काढायला तयार होती. तो गाठ बांधत राहिला.

"हो, आबा," ती म्हणाली. "माझ्याच हातून पडले."

"डोळे कुठे होते तुझे?"

"चुकलं."

"चुकलं! माझ्या शेतात विरळणी! लोक काय म्हणतील?" त्यांचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "आता बघत काय बसलीस? उपट. सगळं उपट."

हेच तर तिला हवं होतं. पण ती वाकली तेव्हा डोळ्यांतलं पाणी नाकाच्या टोकावरून मातीत पडत होतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. आबा झाडाखाली परत गेले आणि त्या दिवशी शेताकडे पाठ करून बसले. त्यानंतर कुणी बांधावर थांबलं की ते स्वतःहून सांगायचे, "सुनेने बियाणं नासवलं. दोन-दोन टाकत गेली. आजकालच्या बायकांचं लक्ष असतं कुठे!" मशीनवाला तर मुद्दाम दोनदा येऊन ऐकून गेला. सून ओळीत वाकलेली असायची. ऐकू येत असायचं. तिच्या शेजारी सासू उपटत असायची. तिनेही कधी तोंड उघडलं नाही, फक्त सुनेच्या वाट्याच्या ओळी अधूनमधून गुपचूप पुढे उपटून ठेवायची.

पोरगा खायला बसला की ताटाकडे बघत बसायचा.

पाऊस गेल्या वर्षीसारखाच लवकर गेला. मका केसात होता. शेजारपाजारच्या दाट शेतांत पानं दुपारीच वळून पुंगळ्या व्हायची. यांच्या शेतात ताटांना हात-हातभर जागा होती, ती संध्याकाळपर्यंत तग धरायची आणि पहाटे पुन्हा उलगडायची. शेताच्या खालच्या कोपऱ्यात विरळणी करायला उशीर झाला होता, तिथली ताटं बारीक राहिली आणि कणसं बोटाएवढी आली. बाकीच्या रानात मात्र कणीस धरलं. ताटाला एकच, पण टोकापर्यंत दाणा भरलेलं. उशिरामुळे व्हायचं ते नुकसान झालंच होतं. वेळेवर टोकला असता तर दीडपट आला असता. तरी कापणी करून, सोलून, वाळवून कोठीत टाकला तेव्हा कोठी काठोकाठ भरली. सुनेने झाकण लावलं, उघडलं, हात आत घातला, पुन्हा लावलं. वर्ष निघेल. कुणालाही कुठे जायला नको. तिने त्या दिवशी कित्येक महिन्यांनी स्वतःच्या हातांना तेल लावलं.

दोन दिवसांनी सकाळी ती आत आली तर नवरा अंथरुणाची वळकटी बांधत होता.

"हे काय?"

"खाणीवर मुकादम माणसं घेतोय."

"पुरतंय की घरात! कोठी बघितलीत ना?"

"बघितली. म्हणून तर जातोय. तुमची काळजी नाही आता."

तिला खरंच कळेना. "मग कशाला? पोटासाठी नाही, तर कशासाठी? ती धूळ खायला?"

त्याने वळकटीची दोरी आवळली. खोकला आला, तो त्याने जिरवला. "तिथे मुकादम ओरडला की मी उलट ओरडतो," तो म्हणाला. "माहीत आहे? मोठ्याने. माणसं वळून बघतात. इथे माझी बायको माझ्यासमोर खोटं कबूल करते आणि मी कासऱ्याची गाठ बांधतो. आबा चालतात, आई भरते, तू वेचून काढतेस. मी बैलांमागून चालतो. उद्या मी नसलो तरी बैल त्याच वाटेने जातील, त्यांना सवय आहे."

"मी तुमच्यासाठी केलं ते."

"म्हणून तर बघवत नाही तुझ्याकडे."

ती त्याच्या हाताला धरायला पुढे झाली. त्याने हात काढून घेतला नाही, पण दुसऱ्या हाताने वळकटी उचलली. दोघंही दाराकडे वळले आणि थांबले. उंबऱ्यात आबा बसले होते. एका चौकटीला पाठ टेकून, डावा पाय दारात आडवा पसरून. सगळं ऐकलं होतं त्यांनी. मागे अंगणात सासू सोललेल्या कणसांची रिकामी बुरकुंडं गोळा करत होती, तिचा हातही थांबला.

"दाणे दोन-दोन पडले नव्हते," आबा म्हणाले. शब्द जड येत होते. "रोप मोडलं त्याच दिवशी मला कळलं. पाऊल माझंच होतं."

सुनेने भिंतीला हात लावला. एवढे दिवस, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर, माहीत असून! तिला राग आला, एवढा की रडूही येईना.

"मग तिला का बोललात गावभर?" पोरगा म्हणाला. आबांसमोर त्याचा आवाज इतका वर पहिल्यांदाच गेला होता.

"तू का नाही बोललास?"

दोघंही एकमेकांकडे न बघता दारातल्या त्या पायाकडे बघत राहिले.

"जाऊ नको," आबा म्हणाले. मग बराच वेळ ओठ जुळवत, "पुढच्या टोकणीला तू चाल. पुढे तू. मी बांधावर बसेन."

सासू अंगणातून एक पाऊल जवळ आली. पोराच्या खांद्यावरची वळकटी थोडी खाली घसरली, आणि क्षणभर वाटलं, ठेवतोच आहे तो खाली.

"वाफसा आला की त्याच दिवशी?" त्याने विचारलं. "तुम्ही खाटेवर असलात तरी? तुम्ही 'थांब, उद्या उठतो' म्हणालात तरी?"

आबांनी तोंड उघडलं. जे बोलायचं ते एका शब्दाचं होतं, आणि ते बोलायला त्यांना आजारपणाची काही आडकाठी नव्हती. सून त्यांच्या ओठांकडे बघत होती. बोला, ती मनात म्हणत होती, आबा, एकदा हो म्हणा, तेवढ्यावर मी सगळं विसरते.

आबांनी तोंड मिटलं. मग त्यांनी खाली वाकून आपला डावा पाय दोन्ही हातांनी धरला, उचलला आणि दारातून बाजूला ठेवला.

पोरगा बाहेर पडला.